शाळेतील औषधोपचार : मात्रा व सावधगिरी
(शिक्षण परिषदेतील व्याख्यान)



हजेरीपटाबरोबर आज आणखी एक पट शिक्षकाला ठेवावा लागतो. कोणत्या मुलाला जंतनाशक गोळी दिली, कोणत्या मुलीने या आठवड्याची लोहाची गोळी घेतली, याची नोंद त्यात होते. राष्ट्रीय जंतनाशक दिनाची योजना २०१५ साली देशात सुरू झाली आणि १ ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींना ही गोळी शाळेत व अंगणवाडीत मिळू लागली. शाळा अकोल्याच्या डोंगरवाडीतील दोनशिक्षकी असो की नगर शहरालगतची मोठी असो, वर्षातून काही दिवस मुलाच्या मुखी औषध जाते ते शिक्षकाच्या हातून. नोंद कशी ठेवावी हे परिपत्रकातून कळते. पोटात गेल्यावर ते औषध काय करते, हे पालक विचारतात. आणि त्याचे उत्तर शिक्षकाजवळ नसेल तर गावात दुसरा कोणी तरी ते देतो. ते उत्तर बहुधा अफवेच्या रूपाने येते.

म्हणून प्रथम जंताच्या गोळीचाच विचार करावा. तिचे नाव अल्बेंडाझोल. जंताच्या शरीरातील पेशींत अत्यंत सूक्ष्म नलिकांचे एक जाळे असते व त्याच्या आधारे तो साखर शोषून घेतो. हे औषध त्या नलिका बांधणाऱ्या प्रथिनाला चिकटते, नलिका बांधल्या जात नाहीत, आणि जंताला साखर मिळेनाशी होते. साठविलेले अन्न संपले की तो क्षीण होतो, मरतो व शौचावाटे बाहेर पडतो. हे काम काही दिवस चालते. दुसऱ्याच दिवशी ‘जंत पडले नाहीत, गोळी खोटी होती’ असे म्हणणे त्यामुळे बरोबर नाही. माणसाच्या पेशींतही असेच प्रथिन आहे. परंतु जंताच्या प्रथिनाला औषध फार घट्ट धरते, माणसाच्या प्रथिनाला तितके नाही. शिवाय त्याचा थोडाच अंश रक्तात जातो, बाकीचे आतड्यातच राहते. परजीवीला मारावे आणि आश्रय देणाऱ्याला वाचवावे, हा भेद ज्या औषधाला साधतो तेच उपयोगी ठरते.

काही मुलांना गोळीनंतर पोटात कळ येते, मळमळते, क्वचित उलटी होते. ज्यांच्या पोटात जंत अधिक, त्यांना हा त्रास होण्याचा संभव अधिक. एका मुलाला उलटी झाली की शेजारचे घाबरते, मग तिसरे, आणि तासाभरात शाळेच्या फाटकाशी पालकांची गर्दी होते. अशा वेळी शिक्षकाची स्थिरता फार मोलाची आहे. मुलाला सावलीत निजवावे, स्वच्छ पाणी पाजावे, लक्ष ठेवावे आणि आरोग्य केंद्राला कळवावे. गोळी शिक्षकासमोर चावून खाल्ली गेली पाहिजे. दप्तरात घालून घरी पाठवू नये. लहान मुलाला ती कुटून द्यावी, कारण अख्खी गोळी घशात अडकते. रडणाऱ्या मुलाचे तोंड दाबून औषध घालणे तर सर्वथा वर्ज्य मानावे. मूल त्या दिवशी आजारी असेल तर गोळी देऊ नये. बरे झाल्यावर देता येते.

या गोळीची मात्रा ४०० मिलिग्रॅम. एक ते दोन वर्षांच्या बालकाला निम्मी. पहिलीतील मुलाला आणि बारावीतील मुलीला सारखीच गोळी कशी, ही शंका रास्त आहे. तिचे मुख्य काम आतड्यात आहे व रक्तात ती थोडीच जाते, म्हणून ते चालते. बहुतेक औषधांना हा न्याय लागू होत नाही.

तापाची गोळी पाहावी. पॅरासिटामॉल आतड्यातून रक्तात जाते आणि रक्ताबरोबर सर्व शरीरभर फिरते. डोके दुखत असले म्हणून ती डोक्याकडे जाते असे नाही. औषधाला पत्ता ठाऊक नसतो. ज्या शरीरात ते पसरावयाचे त्याचा आकार लहान, तर तेवढ्याच औषधाचे प्रमाण दाट होते. एका तांब्यात आणि एका घागरीत मूठभर मीठ टाकून चव घ्यावी, तसेच हे आहे. म्हणून लहान मुलाची मात्रा वजनावर ठरते. एका वेळी दर किलोग्रॅम वजनामागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचे अंतर, आणि दिवसात चाराहून अधिक मात्रा नाहीत, असे हे प्रमाण आहे. पहिलीतील २० किलोग्रॅम वजनाच्या मुलाला त्यानुसार २०० ते ३०० मिलिग्रॅम होतात. मोठ्या माणसाची गोळी ५०० ची. ६५० चीही मिळते. घरातील आजीने ‘अर्धी तर अर्धी’ म्हणून ६५० ची गोळी मोडली तर ३२५ होतात, म्हणजे हिशेब चुकलाच. हे साधे त्रैराशिक आहे. शाळेत मजुरांचे व दिवसांचे त्रैराशिक पुष्कळ सोडविले जाते. त्यात एखादे औषधाचे घातले तर बिघडणार नाही.

अधिक झाल्याने काय होते? शरीरात आलेले पॅरासिटामॉल यकृत निकामी करते व मूत्रपिंडे बाहेर टाकतात. या खटाटोपात औषधाच्या लहानशा अंशाचे विषारी द्रव्य होते; परंतु यकृतात ते निस्तेज करणारा पदार्थ शिलकीस असतो. मात्रा बेताची तोवर शिलक पुरते. मात्रा वारंवार ओलांडली की शिलक सरते आणि ते विष यकृताच्या पेशींवरच उलटते. पहिल्या दिवशी मूल बरेच दिसते, ही यातली फसवी गोष्ट होय. त्यात सर्दीच्या मिश्र औषधांतही बहुधा पॅरासिटामॉल असते. आई तापाचे औषध देते, वडील सर्दीचे देतात, आणि एकच द्रव्य दोन नावांनी दुप्पट पोटात जाते. पातळ औषधाच्या बाटल्यांचाही असाच घोटाळा आहे. एका बाटलीत ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम, तर तशाच दिसणाऱ्या दुसरीत २५० असतात. घरातला चमचा हे माप नव्हे. बाटलीबरोबर येणारे मापाचे झाकण वापरावे, हे पालकसभेत बाटली हाती धरून दाखविले म्हणजे मनावर ठसते. ॲस्पिरिन तापासाठी मुलांना देऊ नये. निमेसुलाइड हे औषध बारा वर्षांखालील मुलांना देण्यास आपल्या देशात २०११ पासून मनाई आहे, तरी घरातील जुन्या पाकिटातून ते अजून निघते.

लोहाच्या गोळीचा प्रश्न निराळा आहे. पहिली ते पाचवीच्या मुलांना गुलाबी व सहावीपासून पुढे निळी, आठवड्यातून एकदा, जेवणानंतर. अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त पितो व अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरतो. म्हणून जंताची गोळी आणि लोहाची गोळी या दोन योजना वस्तुतः एकाच कामाच्या आहेत. आठवड्याला एक गोळी कशी पुरते? लोह पोटात गेले की आतड्याची ते शोषून घेण्याची शक्ती काही काळ मंदावते. मध्ये विसावा मिळाला की ती पुन्हा वाढते. गोळीबरोबर चहा घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही, लिंबू वा आवळा घेतल्यास चांगले शोषले जाते. शौचास काळी होते. ते भिण्याचे कारण नाही, पण आधी सांगितले नाही तर आई घाबरते व पुढल्या सोमवारी मुलीला शाळेत पाठवीत नाही. थॅलॅसेमियासारखा रक्ताचा आजार असलेल्या मुलाला मात्र वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारल्यावाचून लोह देऊ नये.

येथे आपल्या भाषेचीही एक अडचण आहे. लिमलेटची ती गोळी आणि औषधाची तीही गोळीच. गुलाबी, गुळगुळीत, वरून गोड वेष्टन असलेली लोहाची गोळी घरी गेली आणि दोन वर्षांच्या भावंडाच्या हाती पडली, तर तो ती खाऊ समजूनच खातो. जास्तीचे लोह बाहेर टाकण्याचा मार्ग शरीराला नाही. थोरांच्या अंगी लागणाऱ्या या गोळ्या लहान बालकाने मूठभर खाल्ल्या तर त्या प्राणावर बेतू शकतात. म्हणून मुलाला गोळी खावी यासाठी ‘ही बघ गोड गोळी’ असे कोणी म्हणू नये. मूल रडले तरी चालेल. औषधाला औषधच म्हणावे.

एवढे शास्त्र शिक्षकाने कशाला जाणावे, ते डॉक्टरांचे काम, असा आक्षेप घेतला जातो. त्याला उत्तर आपल्याच जिल्ह्याने दिलेले आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दुष्काळी भाग, रस्ते नाहीत, डॉक्टर गावोगावी पोहोचणे अशक्य. तेव्हा गावाने निवडलेल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिकविले. त्यांतील अनेक दलित समाजातल्या होत्या, अनेकींना अक्षरओळखही नव्हती. कोणते औषध कशासाठी, किती, केव्हा, आणि कोणता रोगी आपल्या हातचा नसून रुग्णालयाचा, हे त्या शिकल्या व गावाला शिकवू लागल्या. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जे त्या निरक्षर भगिनींना साधले ते पदविकाधारक शिक्षकाला न साधण्याचे काही कारण दिसत नाही.

त्या सेविकांनी घरोघर जे नेले त्यात साखर-मिठाचे पाणी होते. जुलाबाने मूल मरते ते मुख्यतः अंगातील पाणी व क्षार गेल्यामुळे. नुसते पाणी पाजले तर ते नीट शोषले जात नाही. लहान आतड्याच्या भिंतीत अशी योजना आहे की साखर व मीठ जोडीने आत घेतले जातात आणि त्यांच्यामागून पाणी जाते. जुलाब चालू असतानाही हे दार उघडे राहते. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पाजण्याच्या द्रावणावर हजारो रोगी वाचविले. प्रमाण असे : एक लिटर स्वच्छ पाणी, साखर सपाट सहा चहाचे चमचे, मीठ सपाट अर्धा चमचा. येथेही मात्राच महत्त्वाची; मीठ हाताच्या अंदाजाने वाढले तर तेच पाणी बाळाला घातक होते. आरोग्य केंद्राची ओआरएसची पुडी मिळत असेल तर तीच बरी, आणि तिच्यासोबत जस्ताची गोळी चौदा दिवस. गावात अद्याप सलाइनच्या बाटलीला जो मान आहे तो या पुडीला नाही. बाटली टांगलेली दिसते, पैसे मोजलेले असतात, म्हणून ती थोर वाटते. मूल पिऊ शकत असेल तर आतड्याच्या वाटेने जाणारे पाणी तेच काम करते.

सुईबद्दलही हीच समजूत आहे. प्रतिजैविक औषधे कोणावर चालतात हे मुळाशी जाऊन पाहिले की ती आपोआप ढळते. पेनिसिलिन जिवाणूला आपली भिंत बांधू देत नाही व तो फुटून मरतो. माणसाच्या पेशीला अशी भिंतच नाही, म्हणून ती वाचते. साध्या सर्दीचे कारण विषाणू; त्यालाही भिंत नाही, तेव्हा पेनिसिलिन तेथे करणार काय? ही औषधे आता दुर्मिळ नाहीत. पिंपरीचा सरकारी प्रतिजैविकांचा कारखाना १९५४ साली स्थापन झाला तेव्हा ती अपूर्वाईची होती. आज ती सहज मिळतात, आणि सहज मिळतात म्हणूनच नको तेथे वापरली जाऊन जिवाणू त्यांना जुमानेनासे होत आहेत. क्षयरोग्याला अनेक औषधे एकदम व महिनोन्‌महिने देतात ती याच कारणास्तव. एखादा विद्यार्थी किंवा त्याचा पालक क्षयाच्या उपचारावर असेल आणि दोन महिन्यांत खोकला थांबला म्हणून गोळ्या बंद करीत असेल, तर हे शिक्षकाच्या कानी डॉक्टरांच्या आधी येते. पाकिटावर उभी लाल रेघ असेल ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नये, हे तर मुलेही ओळखू शकतात.

औषध योग्य, मात्रा योग्य, तरी ते औषधच नसेल तर? १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले चौदा रोगी दगावले. त्या ग्लिसरिनात डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंडे निकामी करणारे विष मिसळलेले होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. तेच विष २०२५ साली शेजारच्या मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यातील बालकांच्या खोकल्याच्या औषधात सापडले व वीसहून अधिक मुले गेली. त्यानंतर केंद्र शासनाने पुन्हा बजावले की दोन वर्षांखालील मुलांना खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सामान्यतः टाळावीत. बहुतेक बालकांचा खोकला आपोआप थांबतो. हे ऐकून रिकाम्या हाती परतणे पालकाला जड जाते, तेथे शिक्षकाचा शब्द उपयोगी पडतो.

शाळेच्या कपाटातील प्रथमोपचार पेटी वर्षातून दोनदा तरी उघडून पाहावी. पत्र्याच्या छपराखालील उन्हाळा औषधाला मानवत नाही. खिडकीत ठेवलेली, मुदत टळलेली, नाव पुसलेली औषधे वेगळी काढून आरोग्य केंद्राकडे सोपवावीत. आवारातील खड्ड्यात टाकू नयेत, मुले ती शोधून काढतात. औषधानंतर अंगावर गांधी उठल्या, ओठ वा डोळे सुजले, श्वास लागला, मूल गुंगीत गेले, किंवा कोणी भलतेच औषध खाल्ले असे कळले, तर उलटी करविण्याच्या नादी न लागता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गोळीचे पाकीट वा बाटली फेकू नये, ती मुलाबरोबर रुग्णालयात पाठवावी. किती गोळ्या उरल्या ते मोजून, किती वाजता खाल्ल्या ते कागदावर लिहून, तो कागद बरोबर जाणाऱ्याच्या हाती द्यावा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.