जुन्या लांकडाचें कातकाम : निवृत्तीनंतरचा एक उद्योग

वयाच्या ५८व्या किंवा ६०व्या वर्षीं मनुष्य नोकरींतून निवृत्त होतो, तेव्हां त्याच्या पदरीं दोन गोष्टी एकदमच पडतात : पेन्शन आणि मोकळा वेळ. पहिलीचा हिशेब त्यानें पूर्वींच करून ठेवलेला असतो. दुसरीचा क्वचितच कोणी करतो. आरंभींचे कांहीं महिने तीर्थयात्रा, आप्तांच्या भेटी आणि राहून गेलेलीं घरचीं कामें यांत जातात. पुढें तेंच वर्तमानपत्र दुसऱ्यांदा हातीं येऊं लागतें, आणि आपली आतां कोणास गरज उरली नाहीं ही खंत मनांत घर करूं लागते. काल अर्धवट राहिलेलें आणि आज पुरें करावयाचें असें कांहीं तरी हातांत असल्याखेरीज ती खंत जात नाहीं.

जुन्या लांकडाचें कातकाम हा असा एक उद्योग आहे. लेथवर लांकूड फिरवावयाचें आणि फिरत्या लांकडास धारदार पटाशी लावून लाटणें, भोंवरा, वाडगा, कुंकवाचा करंडा अशा गोल वस्तु उतरवावयाच्या, हें त्याचें स्वरूप. हें काम करणाऱ्यास मराठींत कातारी असें जुनें नांव आहे.

त्यासाठीं लागणारें लांकूड आपल्याकडे दुर्मिळ नाहीं. पुणें, नाशिक, सातारा, वाई येथील वाडे सागाच्या खांबांवर व तुळयांवर उभारलेले होते. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्यांतील नदीकांठच्या पेठांत असंख्य जुनीं घरें पडलीं. त्यानंतरच्या काळांत वाडे पाडून त्यांच्या जागीं उंच इमारती झाल्या. अशा वाड्यांचें लांबरुंद लांकूड वखारींत जाऊन पुन्हां कापलें जातें व त्याचें सामान होतें. पण आंखूड, भोंकें पडलेले तुकडे, मोडका कठडा, उंबरठ्याचें टोंक, हें सर्व बंबांत किंवा होळींत जातें. कातकाम करणाऱ्यास मात्र वीतभर तुकडाही पुरतो.

जुनें लांकूड केवळ स्वस्त म्हणून घ्यावें असें नाहीं. या कामास तेंच अधिक चांगलें. नुकत्याच तोडलेल्या झाडाच्या लांकडांत पाणी भरलेलें असतें. तें कोरड्या लांकडाच्या वजनाच्या सुमारें ३० टक्क्यांखालीं उतरूं लागलें म्हणजे लांकूड आकसूं लागतें, आणि तेंही सर्व बाजूंनीं सारखें नव्हे. वाढीच्या कड्यांना धरून तें जितकें आकसतें, त्याच्या सुमारें निम्मेंच गाभ्याकडून सालीच्या दिशेनें आकसतें. म्हणून ओल्या लांकडाचा गोल वाडगा वाळल्यावर लंबगोल होतो, आणि कधीं तडकतोही. शंभर वर्षें छपराखालीं राहिलेल्या सागाचें हें आकसणें बहुतेक होऊन गेलेलें असतें. हवेप्रमाणें थोडें फुगणें व थोडें आकसणें तेवढें चालूच राहतें. म्हणून झांकणाचा करंडा करावयाचा असल्यास तुकडा प्रथम जाडसर कातून कांहीं आठवडे घरांत ठेवावा, आणि मग अखेरचें माप द्यावें.

जुन्या लांकडाचे दोषही आहेत. त्याच्या पोटांत मोडलेले खिळे असतात. लोखंडाभोंवतीं पुष्कळदां निळसर काळा डाग पडलेला दिसतो. तो पाहून व लोहचुंबक फिरवून प्रत्येक खिळा आधीं काढावा. सागांत वाळूच्या जातीचें द्रव्य असल्यामुळें हत्याराची धार लवकर जाते, व ती वारंवार लावावी लागते. जुन्या तैलरंगांत शिसें असण्याचा संभव असतो. असा रंग कोरडा घांसून त्याची धूळ उडवूं नये. कठीण लांकडाची बारीक धूळ वर्षानुवर्षें नाकांत गेल्यास कर्करोगाचेंही भय आहे. म्हणून नाकातोंडावर चांगला मास्क, चेहऱ्यापुढें पारदर्शक ढाल आणि खोलींत मोकळी हवा हवीच. लोंबत्या बाह्या व गळ्यांतील उपरणें लेथजवळ नेऊं नये.

वेगाचा मोह आवरावा लागतो. व्यासाचे इंच आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार ६००० ते ९००० यांच्या दरम्यान ठेवावा, असा एक ढोबळ आडाखा आहे. दहा इंची वाडग्यास त्याप्रमाणें ६०० ते ९०० फेरे पुरतात. ओबडधोबड तुकड्यास आरंभीं त्याहूनही कमी. हत्याराचा टेका लांकडाच्या जवळ असावा, आणि तो सरकवावयाचा तो यंत्र थांबवूनच.

या वाटेंत खरी अडचण निराळीच असते. जन्मभर लेखणी चालविलेल्या पांढरपेशा मनुष्यास हातांत पटाशी धरण्याचा संकोच वाटतो. लोक काय म्हणतील, हें भय वाटतें. रशियाचा बादशहा पहिला पीटर (१६७२–१७२५) यास तो संकोच नव्हता. त्याच्या राजवाड्यांत लेथची स्वतंत्र खोली होती, आणि आंद्रेइ नार्तोव्ह हा कारागीर तेथें त्याच्याबरोबर काम करीत असे. आपल्याकडेही सावंतवाडीच्या चितारआळींत लांकडीं खेळण्यांची परंपरा आहे. कर्नाटकांतील चन्नपट्टणचे कारागीर फिरत्या लांकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात, घर्षणाच्या उष्णतेनें ती वितळून पसरते, आणि मग केवड्याच्या पानानें तिला झिलई देतात. अशा कारागिराजवळ बसून चार दिवस नुसतें पाहिलें, तरी पुस्तकांच्या ढिगाहून अधिक शिकावयास मिळतें. ज्याच्या टेबलापुढें कालपर्यंत लोक अर्ज घेऊन उभे राहत, त्यानें वयानें लहान असलेल्या कातारीस गुरु म्हणावें, हें सोपें नाहीं. पण ज्यास तें साधतें, त्याच्या मागची रिकामपणाची खंत पहिल्याच महिन्यांत सुटूं लागते, कारण शिकणाऱ्यास दिवस पुरत नाहीं.

पहिलें लाटणें बहुधा एका बाजूस जाड होतें. दुसरें त्याहून बरें होतें. वर्षभरांत करंड्याचें झांकण हलक्या हातानें बसतें व उचलतांना किंचित् आवाज करतें. वाडा पाडतांना ज्या घरच्या माणसांचे डोळे भरून आले होते, त्यांच्याच उंबरठ्याच्या लांकडाचा असा करंडा त्या घरच्या लेकीस सासरीं जातांना देतां येतो. तिच्या आजीनें ज्या उंबरठ्यावर रोज हळदकुंकू वाहिलें, त्याच लांकडांत आतां तिचें कुंकूं राहतें.