हिंदुरावाची कोठी : मालक बदलले, उपयोग बदलला

(व्याख्यानाचा मजकूर)



उत्तर दिल्लीतील रिज, म्हणजे अरवलीच्या शेवटच्या खडकाळ टेकड्या. तेथे ‘हिंदुराव’ म्हटले की कष्टकरी माणसाला रुग्णालय आठवते. ते नाव एका मराठा सरदाराचे, आणि ते रुग्णालय उभे राहिले एका इंग्रज अधिकाऱ्याच्या कोठीच्या आवारात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. या कोठीच्या इतिहासात दिल्लीच्या दोन शतकांचा सत्तासंघर्ष दडलेला आहे.

या टेकडीची ओढ सत्ताधाऱ्यांना जुनीच. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने येथे शिकारमहाल बांधला आणि मेरठहून अशोकस्तंभ आणवला. त्या महालाचा ‘पीर गायब’ हा अवशेष रुग्णालयाच्या आवारात आजही उभा आहे. १८३० च्या सुमारास कंपनी सरकारचा अधिकारी विल्यम फ्रेझर याची कोठी येथे उभी राहिली. इंग्लंडातील जमीनदार आपले प्रासाद गावापासून दूर, उंच आणि हवेशीर जागी बांधत. फ्रेझरची कोठी त्याच वळणाची होती. फरक एवढाच की तिच्यामागे वडिलोपार्जित जमीन नव्हती, जिंकलेल्या मुलखावरील सत्ता होती. मार्च १८३५ मध्ये घरी परतताना फ्रेझरची गोळी घालून हत्या झाली. लोहारूच्या वारशाच्या वादातून ती घडवून आणल्याबद्दल फिरोजपूर झिरक्याचा नवाब शम्सुद्दीन अहमद खान याला त्याच वर्षी ऑक्टोबरात फाशी देण्यात आली.

त्यानंतर कोठी हिंदुराव घाटगे याने विकत घेतली. तो कागलच्या घाटगे घराण्यातील सर्जेरावाचा पुत्र आणि दौलतराव शिंद्यांची पत्नी बायजाबाई हिचा भाऊ. १८३३ मध्ये बायजाबाईची ग्वाल्हेरमधील सत्ता गेली आणि हिंदुराव दिल्लीत स्थिरावला. ज्या मराठ्यांचा दिल्लीवरील अंमल इंग्रजांनी १८०३ मध्ये मोडला, त्यांचाच एक सरदार इंग्रजाच्या कोठीत राहू लागला. गोऱ्या अधिकाऱ्यांत त्याची ऊठबस होती. सरंजामदारीची तलवार म्यान झाली होती, थाट तेवढा उरला होता.

हिंदुराव १८५७ पूर्वीच वारला. त्या वर्षीच्या जूनमध्ये इंग्रज फौजेने रिज व्यापली आणि ही कोठी तिचे मोक्याचे ठाणे बनली. मेजर रीडच्या सिरमूर पलटणीने ती सप्टेंबरपर्यंत लढवली. पलटणीच्या ४९० गुरख्यांपैकी ३२७ मारले गेले किंवा जखमी झाले. समोर शहराच्या तटावर होते ते बंडखोर शिपाई, बहुतेक शेतकऱ्यांचीच मुले. राज्य कोणाचे हा प्रश्न होता. रक्त मात्र दोन्ही बाजूंनी गरिबांचे सांडले. जवळच इंग्रजांनी उभारलेल्या विजयस्मारकाचे नाव १९७२ मध्ये ‘अजितगढ’ झाले. त्यावरील मजकुरात ज्यांना ‘शत्रू’ म्हटले आहे ते स्वातंत्र्यासाठी लढलेले हुतात्मे होते, असे सांगणारा नवा लेख तेथे बसवण्यात आला.

युद्धानंतर कोठीची दुरुस्ती झाली आणि पुढे तिचे रूपांतर रुग्णालयात झाले. पहिल्या महायुद्धात इंग्लंडातील अनेक प्रासादही रुग्णालये झाले होते. पण युद्ध संपताच त्यांपैकी बरेच मालकांकडे परत गेले. हिंदुरावाची कोठी परत गेली नाही. स्वातंत्र्यानंतर रुग्णालय महानगरपालिकेचे झाले, त्याचा विस्तार झाला, आणि २०१३ मध्ये त्याला वैद्यकीय महाविद्यालय जोडले गेले. फ्रेझरच्या फाटकातून ज्याला कोणी आत सोडले नसते, तो हमाल, तो रिक्षावाला आज तेथे हक्काने केसपेपर काढतो. मालक या टेकडीने पुष्कळ पाहिले. बदललेला उपयोग हीच खरी क्रांतिकारक गोष्ट.

परंतु मालमत्ता सार्वजनिक झाली म्हणजे ती आपोआप लोकांची राहते, असे नाही. २०१२ मध्ये दिल्ली महानगरपालिकेचे तीन तुकडे झाले आणि हे रुग्णालय उत्तर महानगरपालिकेच्या वाट्याला आले. तिची तिजोरी रिकामी, आणि निधी कोणी द्यायचा यावर राज्य सरकार व महानगरपालिका यांचा वाद. २०२० च्या महामारीत हे कोविड रुग्णालय होते. त्याच काळात तेथील निवासी डॉक्टरांना महिनोन्‌महिने पगार मिळाला नाही. ऑक्टोबरमध्ये त्यांना आंदोलन करावे लागले, उपोषणाला बसावे लागले. कोविड रुग्ण इतरत्र हलवण्यात आले. टाळ्या वाजवून ज्यांचा गौरव झाला, त्यांच्या वेतनाची सोय मात्र झाली नव्हती. २०२२ मध्ये तिन्ही महानगरपालिका पुन्हा एक झाल्या.

यातून निघणारा बोध स्पष्ट आहे. १८५७ मध्ये ही कोठी तोफांनी राखली गेली. आज ती राखतात डॉक्टर, परिचारिका आणि सफाई कामगार. त्यांचे वेतन वेळेवर मिळाले आणि औषधांची कपाटे भरलेली राहिली, तरच ही वास्तू जनतेची राहील. नाहीतर दारावरची पाटी तीच राहील आणि गरीब रुग्णाला दारातूनच परत फिरावे लागेल.