मुखवटा आणि आगमन : आफ्रिकेच्या काष्ठशिल्पांकडे पाहताना



ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत ते गुरुजी चित्रकलेचे शिक्षक होते. या व्याख्यानासाठी मी आफ्रिकेतील मुखवटे व मूर्ती हा विषय कळविला, तेव्हा कार्यवाहांनी मोठ्या सौजन्याने विचारले की, आपल्या मुलांचा या विषयाशी संबंध काय? प्रश्न योग्य होता. त्याचे उत्तर देण्यासाठी मला माझ्याच एका अपराधापासून आरंभ केला पाहिजे.

मी सातवीत असताना, दुसऱ्या एका गावच्या शाळेत, स्नेहसंमेलनात आम्ही ‘आफ्रिकन नृत्य’ बसविले होते. तोंडाला कोळशाची पूड, कमरेला सुतळीच्या झिरमिळ्या, हातात बांबूचे भाले आणि माझ्या तोंडावर पुठ्ठ्याचा मुखवटा. बटबटीत डोळे, बाहेर लोंबणारी लाल जीभ. शब्द म्हणून जे काही ओरडलो ते कोणत्याच भाषेतले नव्हते. लोक पोट धरून हसले. गुरुजी त्या कार्यक्रमाला परीक्षक म्हणून आले होते. बक्षीस त्यांनी दिले नाही आणि रागावलेही नाहीत. मुखवटा हातात घेऊन त्यांनी एवढेच विचारले, “अरे, हा चेहरा कुणाचा?” मला उत्तर देता आले नाही. पुढे मी त्यांचा विद्यार्थी झालो, कलेचा इतिहास हाच माझा व्यवसाय झाला, आणि आज जे बोलणार आहे ते त्या प्रश्नाचे फार उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रथम मुखवटा या शब्दाकडे पाहू. आजच्या मराठीत हा शब्द बदनाम झाला आहे. अमक्याने सज्जनपणाचा मुखवटा पांघरला, तमक्याचा मुखवटा गळून पडला, असे आपण लिहितो. मुखवटा म्हणजे लपविणे, फसविणे. परंतु आपल्या घरात याच शब्दाचा दुसरा अर्थ नांदतो आहे. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर महालक्ष्म्या येतात. वर्षभर फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवलेले पितळेचे मुखवटे बाहेर निघतात, चिंचेने उजळतात, धान्याच्या कोठीवर किंवा पत्र्याच्या धडावर बसतात. त्यांना लुगडे नेसविले जाते, डोरले घातले जाते. उंबरठ्यापासून पावले काढून त्यांना घरात आणतात. त्या क्षणापासून घरातली आजीदेखील त्यांच्याकडे पाठ करून बसत नाही. ज्येष्ठा नक्षत्रावर जेवण, मूळ नक्षत्रावर निरोप. मग तोच मुखवटा पुन्हा फडक्यात. तो पेटीत असताना त्याला कोणी नमस्कार करीत नाही आणि त्यामुळे त्याचा अपमानही होत नाही. येथे मुखवटा काही लपवीत नाही. जे एरवी दिसत नाही ते येण्यासाठी केलेली ती जागा आहे.

आफ्रिकेतील मुखवट्याचा अर्थ समजण्यासाठी याहून चांगली किल्ली मला सापडलेली नाही. हा पंडितांचा सिद्धान्त म्हणून सांगत नाही. दोन्ही गोष्टी जवळून पाहिल्यावर माझे झालेले मत आहे.

आता एक सावधगिरी. आपण ‘आफ्रिकन’ म्हणतो तेव्हा चोपन्न देशांचे एक खंड एका शब्दात गुंडाळतो. मुखवट्यांची थोर परंपरा मुख्यत्वे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील आहे, गिनीच्या किनाऱ्यापासून काँगो नदीच्या खोऱ्यापर्यंत. आपल्या बीदरशी ज्यांचा संबंध आला ते आफ्रिकी लोक मात्र पूर्वेकडचे. बीदर शहराजवळ ‘हबशी कोट’ नावाची टेकडी आहे. तेथे हबशी सरदारांची थडगी आहेत. हबशी म्हणजे हबश देशाचे, आजच्या इथिओपियाचे. बहामनी दरबारात दख्खनी आणि हबशी एका बाजूला व परदेशातून आलेले आफाकी दुसऱ्या बाजूला असा कलह पिढ्यान्‌पिढ्या चालला. 1481 साली महमूद गावानाचा बळी गेला तोही याच कलहात. पुढे 1626 साली वारलेला मलिक अंबर हाही इथिओपियात जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला आणि निजामशाहीचा आधारस्तंभ झालेला पुरुष. या लोकांच्या मायदेशात ख्रिस्ती मंदिरांतील भित्तिचित्रांची आणि धातूच्या नक्षीदार क्रुसांची कला बहरली होती. लाकडी मुखवट्यांची ती भूमी नव्हे. तेव्हा हबशी कोटाकडे बोट दाखवून मुखवट्यांशी ओढूनताणून नाते जोडणे मला प्रशस्त वाटत नाही. नाते आहे ते रक्ताचे नसून रीतीचे आहे.

जनवाडा हे शेतकऱ्यांचे गाव आहे, म्हणून शेतापासूनच सुरुवात करतो. माली देशात बमाना नावाचे शेतकरी लोक आहेत. त्यांची कथा अशी की, मनुष्याला शेती ‘ची वारा’ नावाच्या एका अलौकिक, अर्ध्या हरणाच्या रूपातील जीवाने शिकविली. त्याच्या स्मरणार्थ तेथील शिल्पी हरणाच्या रूपाची उंच लाकडी शिल्पे कोरतात. ते तोंडावर बांधीत नाहीत. विणलेल्या टोपीवर बसवून डोक्यावर धारण करतात. नर्तकाचे सर्वांग काळ्या रंगविलेल्या तंतूंनी झाकलेले असते, दोन्ही हातांत काठ्या, आणि तो कमरेत वाकून नाचतो, चार पायांचा जीव व्हावा तसा. नाच नेहमी जोडीने होतो. एक नर, एक मादी. मादीच्या पाठीवर पाडस. नर म्हणजे सूर्य, मादी म्हणजे पृथ्वी आणि अंगावर लोंबणारे तंतू म्हणजे पाणी, असा त्याचा अर्थ लावला जातो. वर गेलेली शिंगे उगवत्या ज्वारी-बाजरीच्या कणसांची आठवण देतात. कित्येक शिल्पांत हरणाच्या अंगाशी जमीन उकरणाऱ्या प्राण्याचे अंग मिसळलेले असते, कारण शेतकरीही जमीनच उकरतो. आणि हा नाच पूर्वी शेतातच होई, कोळपणी-पेरणीत चढाओढीने राबणाऱ्या जवानांना चेव आणण्यासाठी. आपण पोळ्याला बैलाची शिंगे रंगवितो तेव्हा बैल नटवितो असे म्हणतो. खरे तर आपणही काहीतरी फेडीत असतो.

दुसरे उदाहरण स्त्रियांचे आहे. आफ्रिकेत मुखवटा घालण्याचा अधिकार बहुतेक ठिकाणी पुरुषांकडे आहे. सिएरा लिओन व लायबेरिया या देशांत मात्र सांदे नावाची स्त्रियांची संघटना आहे आणि तिचा ‘सोवेई’ मुखवटा स्त्रीच धारण करते. तो घंटेसारखा संपूर्ण मस्तकावर बसतो. त्याचे कपाळ उंच व रुंद असते, बुद्धीचे चिन्ह म्हणून. डोळे खाली झुकलेले, ओठ लहान आणि मिटलेले. ऐकलेले पोटात ठेवणारी, वावगे न बोलणारी स्त्री. मानेवर वळ्या असतात. त्या सुदृढ देहाचे लक्षण आहेतच, पण देवता पाण्यातून वर येताना तिच्या भोवती उठलेली वर्तुळेही तीच आहेत. मुखवटा धारण केलेली स्त्री एक शब्द बोलत नाही. तिच्या सोबतच्या बायका तिच्या वतीने बोलतात.

या मुखवट्याचा रंग काळाभोर, तेल देऊन चमकविलेला. मेंदे लोकांना त्या काळेपणात आरोग्य आणि सौंदर्य दिसते. मी हे प्रथम वाचले तेव्हा मला कोळशाची पूड आठवली. आपण बीदरचे लोक. काळ्या रंगाचे मोल आपल्याला कोणी शिकवायला नको होते. जस्त-तांब्याच्या भांड्यावर चांदीची तार ठोकून बिदरीचा कारागीर शेवटी किल्ल्यातील मातीने ते भांडे काळे करतो, तेव्हा कुठे चांदी बोलू लागते. जिल्ह्याच्या कारागिराला जे ठाऊक ते सातवीतल्या मला ठाऊक नव्हते.

सांदे संघटनेविषयी गोड तेवढेच सांगून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. तिच्या दीक्षाविधीत कोवळ्या मुलींच्या देहाला कायमची इजा करणारी प्रथा आहे. तिच्याविरुद्ध तेथील स्त्रियांनीच आवाज उठविला आहे. सुंदर मुखवट्यामागची प्रत्येक रीत सुंदर असतेच असे नाही. आपल्या परंपरांनाही हे लागू आहे.

तिसरी गोष्ट मुखवट्याची नाही, मूर्तीची आहे. नैऋत्य नायजेरियातील योरुबा लोकांत जुळ्यांचे प्रमाण जगात अत्यंत मोठे आहे. जुळ्यांपैकी एक मूल दगावले, तर दैवज्ञाला विचारून त्याची वीतभर लाकडी मूर्ती करून घेत. तिला ‘इबेजी’ म्हणतात. आई त्या मूर्तीला न्हाऊ घाले, जेवू घाले, लाल चंदनासारख्या लाकडाची पूड लावी, जिवंत भावंडाबरोबर तिलाही जोजवी. मूल तान्हेपणी गेलेले असले तरी मूर्ती प्रौढ माणसाची असते. ते मूल जे होऊ शकले नाही ते शिल्पी त्याला करून देतो. संग्रहालयांतून अशा कित्येक मूर्तींचे नाकडोळे झिजून गुळगुळीत झालेले दिसतात. यादीत त्यांची नोंद ‘झिजलेली’ अशी होते. आपल्या देवघरातील पूर्वजांचे चांदीचे टाक ज्यांनी चिंचेने घासले आहेत त्यांना ती झीज वाचता येईल. ज्या टाकावरचा चेहरा पुसला गेला त्याचीच पूजा सर्वांत अधिक झालेली असते.

युरोपने या वस्तूंकडे कसे पाहिले, हे थोडक्यात सांगतो. 1910 साली लिओ फ्रोबेनियस या जर्मन संशोधकाने नायजेरियातील इफे येथील मानवी शिरांची अप्रतिम शिल्पे पाहिली आणि ही आफ्रिकी माणसाच्या हातची असणे अशक्य, ही बुडालेल्या अटलांटिसची कला असली पाहिजे, असा तर्क केला. त्याआधी 1907 साली पिकासोने पॅरिसच्या त्रोकादेरो येथील वस्तुसंग्रहालयात मुखवटे पाहिले आणि युरोपच्या चित्रकलेने वळण घेतले. एकाने कर्तृत्व नाकारले, दुसऱ्याने रूप उचलले. त्या चेहऱ्याचे नाव दोघांनाही नको होते. पिकासोची थोरवी मान्य करूनही मला हे म्हणावेसे वाटते.

याहून क्रूर प्रसंग बेनिनचा. हे बेनिन म्हणजे आजचा त्या नावाचा देश नव्हे. नायजेरियातील जुने राज्य. तेथील राजाला ओबा म्हणतात. राजवाड्याच्या खांबांवर पितळेचे शिल्पपट जडविलेले होते, मेणाचा नमुना वितळवून ओतलेले. त्यासाठी लागणारे पुष्कळसे पितळ पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी कड्यांच्या रूपात आणले. ते जर्मनीतील ऱ्हाइन प्रदेशातील धातूचे होते असे 2023 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. सोळाव्या शतकाच्या आरंभी ओबा एसिगे याने आपली आई इदिया हिचा हस्तिदंती मुखवटा करवून घेतला. तो तोंडावर घालण्याचा नाही, कमरेशी बांधण्याचा. मुखवटा म्हणजे तोंड झाकणे, ही आपली समजूत येथे पुरती मोडते. मातेच्या मस्तकावर मुकुटासारखी एक ओळ आहे, तीत एकाआड एक दाढीवाले पोर्तुगीज आणि चिखलातले मासे. हा मासा पाण्यातही जगतो, काठावरही. राजाही तसाच, माणूस आणि देव यांच्या सीमेवरचा. पोर्तुगीज समुद्रावरून आले, संपत्ती घेऊन आले. हेच पोर्तुगीज 1510 साली गोव्यात उतरले. आपण त्यांना तोफांवरून ओळखतो. बेनिनच्या शिल्प्याने त्यांना राणीच्या केसांत माळले.

1897 साली इंग्रजांच्या फौजेने बेनिन जाळले आणि हजारो वस्तू नेल्या. इदियाचा एक मुखवटा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, दुसरा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात. 1977 साली लागोस येथे आफ्रिकी कलांचा मोठा महोत्सव भरला, त्याचे चिन्ह म्हणून हाच चेहरा निवडला गेला. त्यासाठी लंडनकडे तो मागितला, मिळाला नाही. शेवटी नायजेरियातील कारागिराने नवा कोरला. अलीकडे दिवस पालटू लागले आहेत. डिसेंबर 2022 मध्ये जर्मनीने काही शिल्पे परत केली, 2025 मध्ये नेदरलँड्सने 119 वस्तू परत दिल्या. परत आलेल्या वस्तू राजवाड्यात जाव्यात की संग्रहालयात, यावर आता तेथेच वाद आहे, आणि तो वाद घालण्याचा अधिकार त्यांचा आहे.

विद्यार्थी मित्रांना आणखी एक सांगायचे आहे. आपल्याच राज्यात, उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूरच्या रानांत सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून, बहुतांशी गुलाम म्हणून, आले. ते कन्नड बोलतात, कोकणी बोलतात, काही घरांत मराठीही. 2003 साली त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, 2020 साली शांताराम सिद्दी विधान परिषदेवर नियुक्त झाले. तरीही ‘तुम्ही कोणत्या देशाचे’ हा प्रश्न त्यांना आपल्याच गावांत विचारला जातो. संमेलनाच्या रंगमंचावर कोळशाने तोंड काळे करणारा मुलगा ज्यांना हसवितो, त्या प्रेक्षकांत उद्या एखादी सिद्दी मुलगी बसलेली असू शकते.

व्याख्यानानंतर बाजूच्या वर्गात मी काही छायाचित्रे मांडली आहेत, ती अवश्य पाहा. सोवेई मुखवट्याच्या खालच्या कडेला बारीक भोकांची एक रांग दिसेल. पुष्कळ जण ती कीड समजतात. तेथे काळ्या तंतूंचा घोळदार पोशाख बांधलेला असे, त्याखाली एक स्त्री असे, तिच्यापुढे दुसऱ्या बायका गात असत. संग्रहालयात बहुधा लाकूड तेवढे पोहोचते. चित्रासमोर उभे राहिलात म्हणजे आधी ती भोके शोधा आणि मग चेहऱ्याकडे पाहा.