चोवीस तासांचा हिशेब
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेलं भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. बोलायला उभी राहिले ती आज पहिल्यांदाच. विषय ऐकून काहीजणी तोंडाला पदर लावतील, लावा बापड्या. मला लघवीच्या तपासणीबद्दल सांगायचं आहे.

तीन वर्षांपूर्वी माझी धाकटी जाऊ एकाएकी सुटली. तोंड वाटोळं, पोट पुढं, हातपाय मात्र काटक्या. महाशिवरात्रीला अगस्तीच्या यात्रेत बायका म्हणाल्या, "सुख मानवलं हो!" ती हसली. रात्री मात्र तिनं मला पोट दाखवलं. त्यावर जांभळे रुंद पट्टे होते. पाळी बंद झालेली, अन् खाली बसली की आधाराशिवाय उठवेना.

नाशिकच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "सांधेदुखीच्या पुड्या घेता का?" काही पुड्यांत न सांगता स्टेरॉइड घातलेलं असतं, त्यानंही तोंड असंच होतं. (कोणी घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, एकदम बंद मात्र करू नका, त्यात जिवाला धोका असतो.) हिनं घेतल्या नव्हत्या.

मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन लहान ग्रंथी असतात. त्या कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक करतात. ते सकाळी भरपूर, मध्यरात्री अगदी थोडं. म्हणून एका वेळच्या रक्तावरून निवाडा होत नाही. सबंध दिवसाची लघवी साठवली, की दिवसाचा जमाखर्च कळतो. सकाळची पहिली टाकून वेळ लिहायची, अन् दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची धरून सगळी कॅनमध्ये. कॅन थंड ठेवायचा. फ्रीजमध्ये दुधाशेजारी ठेवते म्हटल्यावर सासूबाईंनी जे ऐकवलं, ते इथं सांगण्यासारखं नाही! शेवटी मोरीत बर्फाच्या बादलीत ठेवला.

आकडा बरा आला. आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. पण डॉक्टरांनी त्यातच क्रिएटिनिन मोजलं होतं. ते एका माणसाचं रोज साधारण सारखं पडतं, आणि हिचं फारच कमी भरलं. "सगळी धरली नाही," ते म्हणाले. धाकटीला रडू फुटलं. घरी पाहुणे होते, त्यांच्यादेखत कॅनकडे जायची लाज वाटली, म्हणून ती तीनदा तशीच जाऊन आली होती.

मग दोन निरनिराळ्या दिवशी पुन्हा केलं. पाहुण्यांना मीच येऊ नका म्हणून कळवलं. दोन्हीदा कॉर्टिसॉल मर्यादेच्या चौपट! पुढं रक्त तपासलं, एमआरआय झाला. मेंदूच्या तळाशी पीयूषिका ग्रंथीत बारीक गाठ निघाली. तीच खालच्या ग्रंथींना सारखे हुकूम सोडत होती. हार्वे कुशिंग या अमेरिकन शल्यवैद्यानं १९३२ साली या रोगावर लिहिलं, म्हणून त्याचंच नाव रोगाला.

मुंबईस नाकावाटे शस्त्रक्रिया झाली. नंतर कित्येक महिने गोळ्या. तोंड उतरायला वर्ष गेलं.

यंदाच्या यात्रेत त्याच बायका तिला म्हणाल्या, "अगं, किती वाळलीस! बरं नाही का?"