मनातील ‘जमणार नाही’



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी हर्सूलच्या या सभेपुढे जो विषय आहे, तो घराघरातील आहे. ‘मला जमणार नाही’, ‘लोक हसतील’, ‘आपली तेवढी पात्रता नाही’ हे स्वर बारावीच्या निकालानंतर मुलांच्या मनात उमटतात, पहिला तोटा सोसलेल्या तरुण दुकानदाराच्या मनात उमटतात आणि नव्या घरात आलेल्या सुनेच्या मनातही उमटतात. दुःख उगाळीत बसण्याला आपल्या शास्त्रकारांनी आर्तध्यान म्हटले आहे. ते त्याज्य आहे, हे पाठशाळेतील मूलही सांगेल. त्यातून बाहेर कसे यावे, हे सांगणारे मात्र थोडे.

यासाठी मुंबईतील एका तरुण वकिलाचे उदाहरण घेऊ. जुलै १८९१ मध्ये मोहनदास गांधी बॅरिस्टर होऊन विलायतेहून परतले. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात ममीबाई नावाच्या पक्षकाराचा त्यांचा पहिला खटला होता. फी तीस रुपये. उलटतपासणीसाठी ते उभे राहिले आणि डोके गरगरू लागले. एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले, फी परत घेण्यास सांगितले आणि तेथून निघून गेले. पटेल नावाच्या वकिलांनी एक्कावन्न रुपयांत तो खटला चालविला. पुढे शाळेत इंग्रजी शिकविण्यासाठी त्यांनी अर्ज केला. तोही पदवीधर नसल्यामुळे नाकारला गेला.

‘तू करू शकशील’ असे कोणी म्हटले असते, तर उपयोग झाला असता काय? शंका वाटते. त्यांना अडविले होते ते कामाच्या अनोळखीपणाने.

१८९३ मध्ये दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या कामासाठी ते दक्षिण आफ्रिकेस गेले. वाद हिशेबाचा होता आणि बॅरिस्टरसाहेबांना जमाखर्च येत नव्हता! ‘पी. नोट’ हा शब्द कानी पडे. शब्दकोशात तो सापडेना. शेवटी त्यांनी कारकुनाला विचारले. पी. नोट म्हणजे प्रॉमिसरी नोट, असे त्याने सांगितले. व्यापाऱ्याच्या घरातील पोराला हे ठाऊक असते. पण बॅरिस्टरने कारकुनाला विचारणे सोपे नाही. मग त्यांनी जमाखर्चाचे पुस्तक विकत घेऊन अभ्यासले. त्यामुळे आत्मविश्वास आला, असे त्यांनीच आत्मकथेत नमूद केले आहे. त्याच वर्षी प्रिटोरियात त्यांनी आयुष्यातील पहिले जाहीर भाषण केले. श्रोते बहुतेक मेमण व्यापारी होते आणि विषय होता व्यापारातील सत्य. विलायतेत लिहून नेलेले एक पानही ज्यांना वाचता आले नव्हते, तेच हे गृहस्थ. या वेळी त्यांच्यापाशी सांगण्यासारखे काही होते आणि त्यांनी तयारीही केली होती.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा प्रसंग यानंतरचा आहे. आफ्रिकेत ख्रिस्ती व मुसलमान मित्रांशी चर्चा करताना स्वधर्माविषयीच त्यांचे मन डळमळले. मुंबईत उतरल्याच दिवशी त्यांची श्रीमद् राजचंद्र यांच्याशी ओळख झाली होती. हे जवाहिऱ्याच्या पेढीवर बसणारे जैन गृहस्थ. सौदा संपला की धर्मग्रंथ किंवा रोजनिशी उघडणारे. गांधींनी १८९४ मध्ये त्यांना पत्र पाठविले आणि सत्तावीस प्रश्न विचारले. आत्मा म्हणजे काय, ईश्वर म्हणजे काय, इथपासून साप चावायला आला तर त्याला मारावे की चावू द्यावे, इथपर्यंत.

मनात घोळणारी शंका रोज नवे रूप घेते. कागदावर उतरविली की ती मोजता येते. सत्तावीस म्हणजे सत्तावीसच. मोजलेली शंका जाणत्यापुढे ठेवता येते. झोप व भूक हरपण्याइतकी निराशा असेल, तर तो जाणता म्हणजे डॉक्टर. तेथे संकोच कामाचा नाही.

राजचंद्रांनी एकेका प्रश्नाचे उत्तर दिले. धीर धरावा आणि हिंदू धर्माचा अधिक खोल अभ्यास करावा, असे त्यांनी कळविले. जैन व्हा, असे म्हटले नाही. त्या पत्राने सर्व गुंता सुटला, असे गांधींनी म्हटलेले नाही. मनाला काहीशी शांती लाभली, एवढेच लिहिले.