तय्यब मेहतांचा तिरका छेद

चित्रकार तय्यब मेहता यांच्या चित्रात माणूस दिसतो, पण अखंड दिसत नाही. एखादा हात, उघडं तोंड, भलत्याच दिशेला गेलेला पाय. आणि मागे सपाट पसरलेला रंग. कोणता अवयव कुणाचा, हे कोडं सोडवायची घाई करू नका. आधी देहाचा तोल कुठे गेलाय ते पाहा.

मेहता मुंबईत वाढले, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. १९४७ च्या दंगलीत महंमद अली रोडवर जमावाने एका माणसाला ठार मारताना त्यांनी खिडकीतून पाहिलं. ते दृश्य त्यांच्या कोसळत्या आकृत्यांमधून पुन्हापुन्हा वर आलं. १९६९ मध्ये, मनासारखं काही उमटेना तेव्हा, त्यांनी कॅनव्हासवर एक तिरका पट्टा ओढला. तिथून त्यांची प्रसिद्ध ‘डायगोनल’ मालिका सुरू झाली. तो छेद देह दुभंगतो, आणि तोच दोन्ही तुकडे एकत्र धरूनही ठेवतो. मला तर त्या ताणातच माणूस सर्वांत जास्त जाणवतो. वांद्र्याच्या कत्तलखान्यातला, पाय बांधून पाडलेला बैलही त्यांनी रंगवला. तो बैल आणि ही कोसळती माणसं एकदा शेजारी-शेजारी ठेवून पाहाच.