दादाची मोटार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाने मला अमेरिकेबद्दल चार शब्द बोलायला सांगितले आहे. मी सातवी शिकलेली बाई. तिथली मोठी शहरे काही मी पाहिली नाहीत. वहिनींचे ऑपरेशन झाले म्हणून 2024 च्या उन्हाळ्यात चार महिने मिशिगनला दादाकडे राहिले, तीही बहुतेक स्वैपाकघरात. पण एक व्यवहार माझ्या डोळ्यांदेखत झाला, तो सांगते. दादाने आपली जुनी मोटार विकली.

मोटार 1965 सालची, पॉन्टियाक. दोन दारांची, लांबलचक, गडद निळी. बटण दाबले की कापडी छप्पर आपोआप मागे दुमडून बसे. 1964 साली त्या लोकांनी मध्यम आकाराच्या गाडीत थोरल्या गाडीचे इंजिन बसवून तिला जीटीओ नाव दिले. इंजिन 6.4 लिटरचे. आपल्या मारुती आठशेची आठ इंजिने एकत्र केली तर होईल तेवढे! तिकडची तरुण पोरे तिच्यापायी वेडी झाली. अशा गाड्यांना ‘मसल कार’ म्हणतात, म्हणजे आपण पहिलवान गाडी म्हणू. जीटीओला लाडाने ‘गोट’ म्हणतात. गोट म्हणजे शेळी! मी हसले, वहिनीही हसल्या नि त्यांचे टाके ओढले.

पॉन्टियाक हे नाव 2010 साली बंद झाले. त्याच्या आदल्या वर्षी दादाने ही गाडी घेतली तेव्हा तो नुसता सांगाडा होता म्हणे. तिकडे बर्फ वितळावे म्हणून हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते पत्रा खाते. गाडीचा तळ चाळणीसारखा झाला होता. दादा वेल्डिंग शिकला. नवा पत्रा जोडला, गाद्या शिवून घेतल्या, रंग दिला. नऊ वर्षे सुट्टीचा प्रत्येक दिवस त्यात गेला. वहिनी तिला ‘सवत’ म्हणत, आणि त्यांचे काही चुकत नव्हते.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉईटच्या वुडवर्ड रस्त्यावर जुन्या मोटारींची मिरवणूक निघते, 1995 पासून. माणसे कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसतात, जशी आपण पालखीला बसतो. दादाने मला पुढे बसवले. छप्पर उघडे, डोक्यावर पदर ठरेना. अनोळखी माणसे हात करत होती आणि दादाचे तोंड लहान मुलासारखे झाले होते. गाडी विकायची हे तेव्हा ठरलेले होते. भाचीला कॉलेजात घालायचे होते आणि तिथली फी ऐकून माझी तर छातीच दडपली.

तिथेच एक म्हातारे गृहस्थ भेटले. दुसऱ्या दिवशी घरी आले, गाडीखाली आडवे होऊन बॅटरीने तळ पाहिला, चालवून पाहिली. 58 हजार डॉलर ठरले. हजार विसार देऊन गेले.

आणि बुधवारी कागद आला. पॉन्टियाकच्या जुन्या नोंदींच्या नकला पैसे भरून मिळतात. गिऱ्हाइकाच्या हाती द्यायला म्हणून दादाने मागवली होती. त्यात लिहिलेले की ही गाडी कारखान्यातून जीटीओ म्हणून निघालीच नाही. ती ‘ल मान्स’, म्हणजे साधी बहीण. कोणीतरी मागाहून थोरले इंजिन आणि जीटीओची अक्षरे लावलेली. त्या साली दोघींच्या नंबराची सुरुवात सारखीच, 237. नुसत्या नंबरावरून कळत नाही. 1966 पासून जीटीओचा नंबर निराळा, 242 चा. एक वर्षाने धाकटी असती तर दादा फसलाच नसता.

म्हाताऱ्याने कागद मागितलेला नव्हता. त्याने अक्षरे पाहिली होती.

रात्री भांडी विसळताना दादा मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, “खरसुंडीचा बैल आठवतो?”

आठवायला मी विसरले कधी होते? 1992 साली अण्णांनी चैत्री यात्रेत खिलार बैल विकायला नेला. मी तेरा वर्षांची, हट्टाने बरोबर गेले होते. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरला, आणि मग अण्णा गिऱ्हाइकाला म्हणाले, “भर नांगरटीत हा खाली बसतो, हे सांगून ठेवतो.” दीड हजार कमी झाले. राहिलेल्या पैशांत दादा सांगलीला इंजिनियरिंगला गेला. तालुक्याच्या वसतिगृहात राहून मी आठवी करायची होती, ती राहिली.

दादा म्हणाला, “तेव्हाची झळ तुला लागली. आता तूच सांग, मी काय करू?”

भगिनींनो, खरे सांगते, मला अण्णांचा राग पुष्कळ वर्षे होता. बैल तर उभा होता, कोणाला कळणार होते? हे मी जन्मात प्रथम त्या रात्री दादाजवळ बोलले. तो खाली मान घालून ऐकत होता. मग म्हटले, “पण पुढच्या यात्रेत तोच माणूस अण्णांना चहाला घेऊन गेला, तेही मी बघितलंय. तू त्याला सांग. आणि आत्ताच फोन कर, सकाळी तुझ्याच्याने व्हायचं नाही.”

म्हातारे आले. कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला, विसार परत घेतला आणि गेले. आठ दिवस घरात कोणी धड बोलले नाही. वहिनी माझ्यावरही थोड्या रुसल्या होत्या. नवव्या दिवशी त्यांचा फोन आला. गाडी हवी आहे, पण 37 हजार. दादाने होय म्हटले. कमी पडले त्याचे भाचीने कर्ज काढले.

पैसे बँकेच्या चेकने आले. मग दोघे सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कचेरीत गेले, तिथे मालकीचा कागद नव्या नावावर झाला. मी गाडीला हळदकुंकू वाहिले. म्हाताऱ्यांनी विचारले हे काय, भाचीने समजावले, तर त्यांनी टोपी काढली. गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावरही आवाज बराच वेळ येत होता.

ती रिकामी जागा पाहून वहिनींनी दुसऱ्याच दिवशी तिथे कपडे वाळत घालायला दोरी बांधून घेतली.